‘पोस्टर लावायला एवढा खर्च?’ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

(सरकारी आरोग्यसेवेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या डॉक्टरबाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या महिन्यात तीन पत्रं.)

प्रश्न : माझी मुलगी बी.डी.एस. झाली. दोन वर्षं सांगलीत एका दातांच्या दवाखान्यात काम केलं. आता म्हणते, आयुष्यभर दाढा भरत बसायचं नाही, ‘हेल्थ प्रमोशन’मध्ये पुढचं शिक्षण घ्यायचं आहे, तेही परदेशात. भावकीतले लोक विचारतात, पोस्टर लावायला एवढा खर्च? त्यात अमेरिका जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडली, परदेशी मदत आटली असं वाचतो. या क्षेत्राला पुढची वीस-पंचवीस वर्षं भवितव्य आहे का? कर्ज काढायचं की नाही ते तुमच्या उत्तरावर ठरवणार आहे.
– एक वडील, तासगाव

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र दोन दिवस बाजूला ठेवलं. एवढा मोठा निर्णय माझ्या चार ओळींवर टाकू नका. पण मला जे ठाऊक आहे ते हातचं न राखता सांगते.

पोस्टरांपासून सुरुवात करते, कारण मी ती लावलेली आहेत. १९८६ च्या नोव्हेंबरात मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवी वैद्यकीय अधिकारी होते. दिवाळी नुकतीच झालेली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या बेतात. त्याआधी बायकांना गाठावं म्हणून एका वस्तीवर लिंबाखाली बैठक घेतली. विषय मशेरी. तोंडाच्या कर्करोगाची चित्रं असलेलं फ्लिपबुक होतं, ते एकेक पान उलटत तासभर बोलले. बोलून झाल्यावर पुढे बसलेली एक बाई म्हणाली, “बाई, पहाटं तीनला कोयता घ्यायचा. भाकर मिळती अकराला. तवर पोटात कालवतं, ते मशेरीनं दबतं. भाकर लवकर मिळंल असं कायतरी करा, मंग ही डबी फेकते.”

मला उत्तर आलं नाही. फ्लिपबुक पिशवीत घातलं आणि जीपकडे चालू लागले.

त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, कॅनडातल्या ओटावा शहरात आरोग्यसंवर्धनाच्या, म्हणजे तुमची मुलगी म्हणते त्या ‘हेल्थ प्रमोशन’च्या, पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आपला जाहीरनामा मंजूर केला. मला त्याची बातमी सहा वर्षांनी लागली, पदव्युत्तर शिक्षण घेताना, पुसट झेरॉक्सच्या तीन-चार पानांवर. आरोग्याला आधी काय लागतं याची त्यात यादी आहे : शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, टिकाऊ पर्यावरण आणि साधनं, सामाजिक न्याय, समता. डॉक्टर आणि गोळ्या त्या यादीत नाहीत. ‘अन्न’ आणि ‘उत्पन्न’ हे शब्द वाचले आणि लिंबाखालची बाई डोळ्यांपुढे उभी राहिली. ओटावात जमलेल्यांनी जे कागदावर आणलं होतं, ते तिने मला एका दमात सांगितलं होतं.

तुमची मुलगी जे शिकू पाहते ते हे आहे. ‘मशेरी वाईट’ हे सांगणं म्हणजे आरोग्यशिक्षण. तेही लागतं. पण मशेरी लावावी लागू नये असा दिवस त्या बाईच्या वाट्याला येण्यासाठी मजुरीचं वेळापत्रक, मुकादमाचा करार, तळावरची चूल, रेशन, कायदा, तंबाखूवरचा कर या सगळ्याला हात घालणं म्हणजे आरोग्यसंवर्धन. भावकीला एवढं सांगितलंत तरी पुरे.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. ओटावाच्या आठ वर्षं आधी, १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात ‘सर्वांसाठी आरोग्य’ अशी घोषणा झाली. त्या विचाराला ज्या प्रयोगांचा आधार होता त्यांत आपलं नगर जिल्ह्यातलं जामखेड होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आलं. आरोळ्यांनी गावात गेल्यावर आधी दवाखाना कुठे बांधू हे विचारलं नाही. दुष्काळाचे दिवस होते, लोकांना पाणी आणि अन्न हवं होतं, तिथून त्यांनी हात घातला. हातपंप दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायका, त्यांतल्या कितीतरी दलित, गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. मी जामखेडला पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्यातल्या एका आजींनी मला जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी इतकं नेमकं समजावलं की तो धडा मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच शब्दांत शिकवला.

आता पैशाचं, कारण तुमची खरी काळजी तीच आहे आणि ती रास्त आहे.

अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. संघटनेचं २०२६-२७ चं अंदाजपत्रक आधी ५.३ अब्ज डॉलरचं मांडलं होतं, ते ४.२ अब्जांवर आणावं लागलं. माणसं कमी झाली. असा कपातीचा वारा सुटला की पहिली कुऱ्हाड आरोग्यसंवर्धनावर पडते, हे मी जिल्हा पातळीवरही पाहिलं आहे. लस थांबवली तर बोंब होते. शाळेसमोरची तंबाखूची टपरी हटवायची मोहीम थांबली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा मुलीने संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातल्या किंवा एखाद्या परदेशी संस्थेच्या नोकरीवर डोळा ठेवून कर्ज काढू नये. त्या खुर्च्या कमी होत आहेत.

पण ज्या देशांनी या कामाची स्वतःची तिजोरी उभी केली, तिथे चित्र निराळं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९८७ मध्ये तंबाखूच्या करातून आरोग्यसंवर्धनाचा निधी काढला. खेळांच्या मैदानांवरून सिगारेट कंपन्यांचं प्रायोजकत्व हटवून तिथे हा पैसा घातला. थायलंडने २००१ मध्ये त्याहून पक्कं काम केलं. दारू आणि तंबाखूच्या कंपन्या जो अबकारी कर भरतात त्यावर आणखी दोन टक्के त्यांनीच भरायचे, आणि ती रक्कम थेट ‘थाई हेल्थ’ या निधीत जायची. दर वर्षी अर्थखात्यापुढे पदर पसरायला नको.

एका प्रशिक्षणासाठी मी बँकॉकला पंधरा दिवस होते, पावसाळ्यात. रस्त्यात जागोजागी फलक दिसले. काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर कळलं, ‘वर्षावासात दारू सोडा’. आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खू एका जागी राहतात तो हा काळ. या मोहिमेची सुरुवात २००३ मध्ये झाली. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं आहेत, बौद्ध वस्त्यांत वर्षावासात धम्मग्रंथाचं वाचन चालतं. मला ते फलक बघून फार आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली. लोकांच्या मनात जो संयमाचा काळ आधीच आहे, त्यालाच त्यांनी हात घातला होता, आणि फलकाचे पैसे दारूच्याच कराच्या खिशातून आले होते.

या क्षेत्राचं भवितव्य मला अशा ठिकाणी दिसतं. देणगीवर ते टिकणार नाही. कर, कायदा आणि लोकांची स्वतःची रीत यांवर टिकेल. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी सहा टक्के उतरली, आणि गरीब घरांत जास्त उतरली. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडे २०२२ मध्ये खाण्याच्या पाकिटांना, पदार्थ जितका बरा तितके जास्त, असे तारे देण्याचा मसुदा निघाला. मला तारे पसंत नाहीत. तारा म्हणजे शाबासकी. पाच वर्षांच्या पोराच्या हातातल्या खारट पुडीवर अर्धा का होईना, तारा कशाला? ही भांडणं आता वीस-तीस वर्षं चालणार आहेत, कारण समोर बसलेल्या कंपन्यांकडे वकील आहेत, जाहिरातवाले आहेत, अभ्यासक आहेत. आपल्या बाजूलाही तशी माणसं लागतील.

आणि तुमची मुलगी दंतवैद्य आहे, हे लाखमोलाचं आहे. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००५ पासून लागू झाला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. २००९-१० मध्ये महाराष्ट्रात ३१.४ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते, २०१६-१७ मध्ये २६.६. उतार खरा आहे, जरी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असं करून बंदीला बगल दिली जाते. पण मशेरीचं काय? ती बाई तंबाखू तव्यावर भाजते, चुरते, डबीत भरते. त्या डबीवर ना चित्र, ना इशारा, ना किंमत. जगभरची सगळी धोरणं पाकिटाशी बोलतात. या डबीशी बोलायची तऱ्हा अजून कुणी नीट बसवलेली नाही. लोकांचं तोंड उघडून बघायचा हक्क असलेली, आणि ते तोंड असं का झालं हे विचारायची इच्छा असलेली मुलगी हे काम करू शकेल. चाळीस वर्षं त्या बाईला उत्तर द्यायचं माझ्याकडून राहिलंय, म्हणून हे जरा आग्रहाने लिहिते.

कर्जाबद्दल स्पष्ट सांगते : आत्ता काढू नका. आधी तिला एक वर्ष इथेच काम करू द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था तंबाखू आणि दारूवर जिल्हाभर काम करते, तसं काही. मग मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र यांचे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम बघा. एवढं करूनही परदेशी जायचंच ठरलं, तर अभ्यासक्रमात कायदा आणि अर्थशास्त्र किती आहे ते विचारा. फक्त ‘संवादकौशल्य’ आणि ‘वर्तनबदल’ शिकवत असतील तर भावकीचं म्हणणं खरं ठरेल आणि पैसे पोस्टरातच जातील. तिला माझा आशीर्वाद कळवा.

प्रश्न : मी आशा आहे. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कर्करोग यांचा धोका कुणाला आहे ते शोधायची प्रश्नावली) भरले, बीपी-शुगरचे पेशंट उपकेंद्रात पाठवले. आता मीठ कमी करा, तेल कमी करा असं घरोघर सांगते. एका घरी सासूबाई म्हणाल्या, “एकीच्या बीपीसाठी सगळ्यांनी अळणी खायचं का?” गटप्रवर्तक ताई म्हणतात पुन्हा जा, पुन्हा सांगा. माझं सांगणं कमी पडतं का?
– एक आशा स्वयंसेविका, भूम तालुका

उत्तर : आशाताई, तुमचं सांगणं कमी पडत नाही. तुमच्यावर नुसतं सांगायचंच काम टाकलंय, दुखणं तिथे आहे.

फिनलंडची हकिगत सांगते. तिथल्या नॉर्थ कारेलिया प्रांतात चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हृदयविकाराने पटापट मरत होते. लाकूडतोडे, दूधवाले, दणकट माणसं. पण लोणी पोळीला नव्हे, सगळ्यालाच; मीठ भरपूर, सिगारेट सोबत. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झालं, प्रमुख होते पेक्का पुस्का, वय सत्तावीसच्या आसपास. त्यांनी घरोघर भाषणं देण्यावर भिस्त ठेवली नाही. गावोगावच्या गृहिणींच्या ‘मार्था’ मंडळांना हाताशी धरलं. त्या बायकांनी गावजेवणं घातली, नेहमीचाच रस्सा केला, पण चरबी कमी, मीठ कमी, भाज्या जास्त. लोक जेवले आणि मग कृती विचारायला लागले. सॉसेज बनवणाऱ्याला गाठून त्यात चरबीऐवजी अळंबी घालायला लावली. दूधधंदा बसेल म्हणून शेतकरी चिडले, तेव्हा त्यांना बेरी जातीच्या फळांच्या लागवडीकडे वळायला मदत केली. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

आता भूमला येऊ. त्या सासूबाईंना ‘अळणी’ हा शब्द पुन्हा ऐकवू नका. त्याऐवजी विचारा, “मिठाची किलोची पुडी किती दिवस जाते?” जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पाच मोठी माणसं असतील तर पंचवीस ग्रॅम, म्हणजे किलोभर मीठ चाळीस दिवस जायला हवं. बहुतेक घरी ते पंधरा-वीस दिवसांत संपतं. त्यात गुरांना घातलेलं आणि लोणच्यात मुरलेलं वजा करायला सांगा, म्हणजे बाई भांडणार नाहीत, हिशोबाला बसतील. पुडीवर आणल्याची तारीख पेनाने लिहायला लावा. भाजी वेगळी करायची गरज नाही; सगळ्यांच्याच भाजीत दर आठवड्याला चिमूटभर कमी. जीभ काही आठवड्यांत सरावते, कुणाला कळतही नाही. ठेचा, पापड, लोणचं ताटात तिन्ही एकदम नकोत, एक कुठलंही चालेल. मात्र बीपीची गोळी यामुळे सोडायची नाही, हे प्रत्येक घरी बजावा. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं, ते मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

घराबाहेरचं मीठ आणखी मोठं. बचत गट पापड करतो ना? त्या बायकांबरोबर एक घाणा कमी मिठाचा करून बघा. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी, शाळेसमोर पाच रुपयांच्या पुड्या विकणारं दुकान, यांचा विषय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत काढा. तुम्ही त्या समितीवर आहातच. तिच्याकडे दर वर्षी अबंधित निधी येतो, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचं. दर वेळी तो चुना आणि पावडरीतच का जावा? एका बैठकीत होणार नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणीतरी दुसरी बाई तुमच्या बाजूने बोलायला लागेल, तेव्हा तुम्ही थोडं मागे सरा.

आणखी एक. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. मला त्या दिवशी अभिमान वाटला आणि रागही आला. जगाला ज्यांच्या खांद्यावर आरोग्याचं उद्याचं घर बांधायचं आहे त्यांना पगार नाही, ‘मोबदला’ आहे, तोही काही ठरावीक, काही कामामागे मोजून आणि पुष्कळदा महिने उलटल्यावर. कर्मचाऱ्याचा दर्जा मागता, ते हक्काचं मागता. तुम्ही थकलात हे पत्रातून जाणवतं. या महिन्यात दोन घरं कमी झाली तरी चालतील, स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : मुलाने मनगटावर घड्याळ बांधून दिलंय, रोज दहा हजार पावलं चाल म्हणतो. वय ६९. आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आरोग्याचं सगळं सांगेल, तुम्हा लोकांची गरज उरणार नाही, असंही म्हणतो. खरं का?
– निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : सर, दहा हजाराचं मूळ आधी सांगते. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याला ‘दहा हजार पावलांचा मापक’ असं नाव दिलं. आकडा तिथून रुळला. तुमच्या वयाला सहा-सात हजार पावलंही उत्तम. छातीत दुखलं, धाप लागली तर थांबा आणि दाखवून घ्या.

घड्याळ वापरा, चांगलं आहे. पण ते तुमची पावलं मोजतं, तुमचा रस्ता त्याला दिसत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद ठेवतात. आता शंभर किलोमीटरहून अधिक रस्त्यावर म्हातारी माणसं, पोरं, सायकली असतात. तिथे कुणाला चालायला सांगावं लागत नाही. ते रस्ते माणसांनी महापालिकेत बसून, भांडून मोकळे करून घेतले. हे काम तुमच्या मुलाची कृत्रिम बुद्धिमत्ता करून देईल असं मला वाटत नाही.

तुम्ही एक करा. उद्या सकाळी तुमच्या इमारतीपासून स्टेशनपर्यंत चालताना वही-पेन घ्या. पदपथ कुठे संपतो, कुठे टपरी, कुठे उघडं गटार, कुठे खाली उतरून रिक्षांमधून जावं लागतं, ते खांबांच्या नंबरासकट लिहा. तुमच्याच वयाचे आणखी पाच-सहा जण बरोबर असतील तर उत्तम. ती वही प्रभाग कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि एक प्रत मला पाठवा. पुढच्या अंकात छापायला लावते.